‘राइट ऑफ’ म्हणजे माफी नव्हे

यवतमाळच्या एखाद्या सुशिक्षित घरांत सकाळच्या चहाच्या वेळीं नातू इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानें वाचीत आहे, अशी कल्पना करावी. बातमी बँकांची आहे. दहा वर्षांत देशांतील बँकांनीं १६ लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचीं कर्जें ‘राइट ऑफ’ केलीं, असें सरकारनें लोकसभेंत सांगितलें, हा तिचा सारांश. नातू क्षणभर थांबतो आणि घरांतल्या मंडळींसाठीं मराठी अर्थ सांगतो, “बँकांनीं एवढीं कर्जें माफ केलीं.” खेड्यावरून चार दिवसांकरितां आलेले आजोबा हातांतला कप खालीं ठेवतात आणि विचारतात, “का रे बापू, मंग आपल्या घरी नोटीस कायले येऊन राहिली ?”

प्रश्न सरळ आहे. पण त्याचें उत्तर द्यावयाचें तर अर्थशास्त्राच्या आधीं भाषेकडे वळावें लागतें. नातवाची गफलत एका लहानशा क्रियापदांत झाली आहे. ती त्या एकट्याची नव्हे. घरोघरच्या बोलण्यांत, सभांतील भाषणांत आणि कधीं कधीं छापील मथळ्यांतहि ‘राइट ऑफ’ आणि ‘माफी’ हे शब्द एकमेकांच्या जागीं सर्रास वापरले जातात. इतर शब्दांच्या बाबतींत असली चूक झाली तर परीक्षेंतला एखादा गुण जातो. या शब्दाच्या बाबतींत ती झाली तर देणें फिटलें असें समजून माणूस स्वस्थ बसतो, आणि मग एके दिवशीं लिलावाची सूचना दाराशीं येते. म्हणून या शब्दाची थोडी फोड करून पाहणें अगत्याचें आहे.

इंग्रजी भाषेला क्रियापदामागें ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’, ‘डाउन’ यांसारखें एखादें लहानसें अव्यय जोडून नवें क्रियापद घडविण्याची मोठी हौस आहे. अशा जोडीस ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हें नांव लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ग्रंथामुळें प्रचारांत आलें. तें त्यांना ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविलें होतें. गोष्ट मात्र त्याहून पुष्कळ जुनी. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हां त्याच्या प्रस्तावनेंतच त्यांनीं या जोडशब्दांचा निराळा उल्लेख केला आणि परकी माणसाची सर्वांत मोठी अडचण हीच होय, असें नमूद केलें. कारण उघड आहे. दोन्ही शब्दांचे अर्थ वेगवेगळे ठाऊक असले तरी जोडीचा अर्थ हातीं लागेलच असें नाहीं.

मराठी माणसानें याचें फार नवल मानूं नये. ‘तो भलतेंच बोलून गेला’ या वाक्यांत कोणी कोठें गेलेला नसतो, आणि ‘तो चूक करून बसला’ या वाक्यांत कोणी बसलेला नसतो. आजोबांच्या प्रश्नांतील ‘येऊन राहिली’ हेंच पाहावें. पुण्याकडील माणसाला त्यावरून वाटेल कीं नोटीस आली आणि मुक्कामाला राहिली. वऱ्हाडांत त्याचा अर्थ ‘येत आहे’ एवढाच. मराठी भाषा पहिल्या क्रियापदामागें दुसरें क्रियापद उभें करते. इंग्रजी भाषा एक अव्यय उभें करते. दोहोंकडे अर्थ ठरतो तो बेरजेनें नव्हे, वहिवाटीनें.

आतां ‘राइट ऑफ’ची फोड करूं गेल्यास ‘राइट’ म्हणजे लिहिणें हें सर्वांस ठाऊक आहे. ‘ऑफ’ म्हणजे अलग, दूर, वेगळें. हें दोन ‘फ’ असलेलें अव्यय. ‘चा-ची-चें’ या अर्थाचें एका ‘फ’चें अव्यय तें निराळें. देवनागरींत दोन्ही बहुधा सारखींच लिहिलीं जातात, म्हणून एवढा खुलासा. तेव्हां ‘राइट ऑफ’ म्हणजे लिहून अलग करणें. या शब्दामागें जें चित्र आहे तें दुकानाच्या खातेवहीचें आहे.

व्यापाऱ्यानें उधारी दिली कीं ती रक्कम त्याचें ‘येणें’ होते आणि येणें ही त्याची मालमत्ता असते. समजा, वर्षामागून वर्षें गेलीं आणि पैसा आला नाहीं. तरीहि ती रक्कम वहींत मालमत्ता म्हणून दाखवीत राहणें म्हणजे स्वतःचीच फसवणूक. म्हणून शहाणा व्यापारी एके दिवशीं लेखणी घेतो, ती रक्कम मालमत्तेच्या बाजूनें कमी करतो आणि तितका तोटा आपल्या पदरीं घेतो. हें झालें ‘राइट ऑफ’. यांत लेखणी धनकोची, वही धनकोची, आणि तोटा कबूल केला तोहि धनकोनेंच. ऋणको या सर्व व्यवहारांत कोठेंच नाहीं. त्याला कोणी बोलाविलें नाहीं, त्याची सही घेतली नाहीं, त्याला कांहीं लिहून दिलें नाहीं. मग त्याचें देणें नाहींसें व्हावें तें कशानें ? ‘राइट ऑफ’ ही लिहिणाऱ्यानें स्वतःच्या वहींत केलेली कृति आहे. वहीच्या बाहेरील जग तिनें बदलत नाहीं. या क्रियापदाचे सारे अर्थ, पुढें दिसून येईल त्याप्रमाणें, या एकाच गोष्टीशीं बांधलेले आहेत.

बँकेंत हें कसें घडतें तें आतां पाहतां येईल. साधारण कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकलें, अथवा अल्पमुदतीच्या पिकासाठीं घेतलेलें पीककर्ज दोन हंगाम थकलें, कीं बँक तें कर्ज अनुत्पादक धरते. मग आपल्या नफ्यांतून त्यासाठीं कांहीं रक्कम तिला बाजूस काढावी लागते. थकबाकी जसजशी जुनी होते तसतशी ही तरतूद वाढत जाते. पूर्ण रकमेइतकी तरतूद होऊन साधारणतः चार वर्षें लोटलीं, कीं तें कर्ज ताळेबंदांतून काढून टाकतात. ताळेबंद स्वच्छ होतो आणि बँकेस करांत लाभ मिळतो. परंतु वसुलीचें काम चालूच राहतें. दिवाणी न्यायालय, कर्जवसुली न्यायाधिकरण, तारण ठेवलेल्या मालमत्तेचा लिलाव हे सर्व मार्ग बँकेस मोकळे असतात. मार्च २०२५ मध्यें दहा वर्षांतील १६.३५ लाख कोटी रुपयांचा आंकडा लोकसभेंत सांगतांना सरकारनें हेंहि सांगितलें कीं, अशा नोंदीनें कर्जदाराची जबाबदारी संपत नाहीं. पुढें कधीं त्यांतली रक्कम वसूल झालीच, तर ती बँकेच्या उत्पन्नांत जमा होते. कर्ज खरोखर मेलें असतें तर त्याला असें पीक आलें नसतें.

मात्र एवढ्यानें आजोबांची शंका पोकळ ठरत नाहीं. वसुलीचा हक्क शिल्लक असणें ही एक गोष्ट आणि वसुली होणें ही दुसरी. राइट ऑफ केलेल्या रकमांपैकीं प्रत्यक्ष हातीं येणारा भाग लहानच असतो. मोठ्या उद्योगाचें कर्ज असें वहीबाहेर गेलें आणि वसुली वर्षानुवर्षें रेंगाळली, तर पाहणाऱ्यास ती माफीच वाटते. ही तक्रार वसुलीच्या ढिलाईची आहे, आणि ती त्याच नांवानें मांडली तर अधिक धारदार होईल. ‘माफ केलें’ म्हटलें कीं प्रश्न संपतो. ‘राइट ऑफ केलें’ म्हटलें कीं पुढचा प्रश्न उभा राहतो : मग वसूल किती केलें ?

कर्जाच्या व्यवहारांत ‘ऑफ’ हें अव्यय एकटें ‘राइट’च्याच मागें येत नाहीं. त्याचीं आणखी तीन भावंडें आहेत आणि चौघांची ओळख एकत्र करून घेतली म्हणजे घोटाळा होत नाहीं. ‘पे ऑफ’ म्हणजे फेडून मोकळें होणें. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढें ढकलणें. मुदतवाढ किंवा कर्जाचें पुनर्गठन हा त्याचाच प्रकार. ‘लेट ऑफ’ म्हणजे सोडून देणें, सूट देणें, माफ करणें. आणि ‘राइट ऑफ’ म्हणजे वहीबाहेर काढणें. पहिल्यांत ऋणको कर्ता आहे. दुसऱ्यांत कर्ज जागच्या जागीं असतें, केवळ तारीख हालते. तिसऱ्यांत देणेंच मरतें. चौथ्यांत देणें जिवंत असतें. केवळ धनकोची आशा मेलेली असते.

मराठी जमाखर्चाच्या भाषेंत या चारहि अवस्थांना वेगळे शब्द आहेत. कर्ज पूर्ण फिटलें कीं खातें ‘बेबाक’ झालें म्हणत; आजहि सहकारी संस्थांत ‘बेबाकी दाखला’ मागतात. धनकोनें हक्क सोडल्याचें जें लेखी पत्र द्यावयाचें त्याला ‘फारखत’ म्हणत. कांहीं रक्कम सोडली तर ती ‘सूट’. आणि जी येण्याची आशा उरली नाहीं ती ‘बुडीत’. बुडीत खात्यांत टाकणें हाच ‘राइट ऑफ’चा खरा मराठी अर्थ. कार्यालयीन मराठींत ‘निर्लेखित करणें’ असा शब्द योजतात. तो अर्थानें अचूक आहे, पण स्वयंपाकघरापर्यंत पोंचत नाहीं. बुडीत हा शब्द पोंचतो. सावकाराच्या वहींत कर्ज बुडीत म्हणून लिहिलें गेलें तरी कुळ सुटलें असें कोणी मानीत नसे. सुटका व्हावयाची ती फारखतीनें.

घरगुती बोलण्यांत याच अर्थाजवळ जाणारा एक सुंदर वाक्प्रचार आहे. मित्राला दिलेले हातउसने पैसे परत येत नाहींत असें दिसलें कीं माणूस म्हणतो, ‘त्या पैशांवर पाणी सोडलें.’ दान देतांना हातावरून उदक सोडून वस्तूवरील स्वामित्व टाकण्याचा जो विधि आहे, त्यावरून हा वाक्प्रचार आला. पण त्याचा चालू अर्थ दानाचा नाहीं. ज्यानें पाणी सोडलें त्यानें आपल्या मनांतील हिशेब मिटविला. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला त्याची वार्ताहि नसते. आणि उद्यां तो पैसे घेऊन आला तर ते कोणी नाकारीत नाहीं. मनांतल्या वहींत केलेलें ‘राइट ऑफ’ तें हेंच.

यवतमाळ जिल्ह्यांत ही शब्दचर्चा केवळ शब्दांची राहत नाहीं. हा कापसाचा मुलूख. पुष्कळशी शेती पावसावर अवलंबून. बियाणें, खत, औषध यांसाठीं पैसा आधीं लागतो आणि कापूस घरीं येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधल्या काळांत कर्ज हाच आधार. पाऊस चुकला, बोंडअळी पडली किंवा भाव कोसळला कीं एका हंगामाचें कर्ज दुसऱ्या हंगामावर चढतें. त्यामुळें कर्जाविषयीं सरकारी भाषेंत काय लिहिलें आहे, हें येथील कुटुंबांस बारकाईनें वाचावें लागतें.

१ जुलै २००६ रोजीं पंतप्रधान मनमोहनसिंग यांनीं विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व वर्धा यांच्याबरोबर यवतमाळहि त्यांत होतें. कर्जापुरतें तिच्याकडे पाहिलें तर थकलेलें व्याज माफ होतें आणि मुद्दलाचे नवे हप्ते पाडलेले होते. म्हणजे एकाच आज्ञेंत व्याजाला ‘लेट ऑफ’ आणि मुद्दलाला ‘पुट ऑफ’. ज्यानें सारें कर्जच गेलें असें समजून घेतलें, त्याला मुद्दलाची मागणी आली तेव्हां फसविल्यासारखें वाटलें असेल, तर दोष निम्मा भाषेचा म्हणावा लागेल.

२९ फेब्रुवारी २००८ रोजीं मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पांत सुमारें ६०,००० कोटी रुपयांची देशव्यापी योजना आली. तिच्या नांवांतच दोन शब्द जोडून ठेवले होते, कर्जमाफी आणि कर्जसवलत. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांचें पात्र थकित कर्ज पूर्ण माफ. त्याहून अधिक जमीन असलेल्यांना उरलेली रक्कम भरल्यास चौथा हिस्सा सूट. बागायती मुलखांत दोन हेक्टर ही बरीच जमीन होते. कोरडवाहू विदर्भांत पांच-सात एकरांचा धनीहि दोन हेक्टरांची रेषा सहज ओलांडतो आणि तरी गरीबच असतो. त्यामुळें एकाच बांधाच्या अलीकडे ‘माफी’ आणि पलीकडे ‘सवलत’ असा भेद झाला. पुढें महाराष्ट्र शासनानें २०१७ सालीं दीड लाख रुपयांपर्यंत आणि डिसेंबर २०१९ मध्यें दोन लाख रुपयांपर्यंत थकित पीककर्जाच्या माफीच्या योजना जाहीर केल्या.

या माफींत आणि बँकेच्या ‘राइट ऑफ’मध्यें फरक कोणता, हें पैसा कोण भरतो यावरून चटकन् कळतें. माफींत सरकार आपल्या तिजोरींतून बँकेचे पैसे चुकतें करतें, बँकेचें येणें भागतें आणि शेतकऱ्याचें देणें संपतें. राइट ऑफमध्यें कोणीच कोणाला कांहीं देत नाहीं. बँक तोटा सोसते आणि ऋणको देणेंकरी राहतो. पहिल्या व्यवहारानंतर बेबाकी दाखला मिळावयास हवा. दुसऱ्यानंतर मिळते ती पुढची नोटीस.

कागदांत काय आहे हें खेड्यांतील माणसाला कळत नाहीं, असा एक शहरी समज आहे. तो खरा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला आणि त्याचें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलें. त्या वेळीं कुळांनीं सावकारांच्या जिवाला हात घालण्यापेक्षां कर्जरोखे, खतें आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर भर दिला. बळ कोठें साठलेलें आहे हें त्यांनीं नेमकें ओळखलें होतें. सावकाराची लेखणी फिरेना, म्हणून त्यांनीं त्याचा कागदच पेटविला. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. वऱ्हाडास लागू होणारा ऋणमोचनाचा कायदा १९३९ सालीं झाला आणि कर्जदाराचें देणें कायद्यानें कमी करण्याची सोय त्यांत आली. धनकोच्या मर्जीवर न राहतां देणें कायद्यानें कमी करणें, हा ‘लेट ऑफ’चा राजमार्ग होय.

आजचा शेतकरी याच जाणिवेनें ‘सातबारा कोरा करा’ अशी मागणी करतो. हा शब्दप्रयोग फार बोलका आहे. जमिनीवर कर्ज घेतलें कीं त्याचा बोजा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरांत चढतो. बँकेची खातेवही बँकेंत असते. सातबारा हा शेतकऱ्याच्या जमिनीचा कागद. ‘राइट ऑफ’नें पहिल्या कागदावर रेघ ओढली जाते, दुसऱ्यावर बोजा तसाच राहतो. माफी खरी कीं खोटी हें ओळखण्याची याहून सोपी कसोटी नाहीं. धनकोचा कागद न पाहतां आपला पाहावा.

शहरांतील कुटुंबांनाहि ही कसोटी तितकीच उपयोगी आहे. क्रेडिट कार्डाची किंवा घरकर्जाची जुनी थकबाकी बँकेनें मागणें सोडून दिलें कीं ती मिटली असें पुष्कळांस वाटतें. पुढें दुसऱ्या कर्जासाठीं अर्ज केला म्हणजे पतमाहिती कंपनीच्या अहवालांत त्या खात्यापुढें ‘रिटन ऑफ’ असे दोन शब्द दिसतात. तो शेरा कर्जदाराच्या बाजूचा नव्हे, त्याच्याविरुद्धचा आहे. तडजोडीनें कमी रक्कम घेऊन खातें मिटविलें असल्यास ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. तोहि पूर्ण फेडीच्या शेऱ्याइतका चांगला मानला जात नाहीं. पूर्ण फेड करून लेखी दाखला घेणें हाच सर्वांत सुरक्षित मार्ग.

कर्जाखेरीज इतर व्यवहारांतहि हें क्रियापद येतें आणि तेथेंहि मूळ गोष्ट तीच. कारखानदार आपल्या यंत्राची किंमत दरवर्षीं थोडी थोडी कमी लिहितो. त्याला मराठींत घसारा म्हणतात. कांहीं वर्षांनीं वहींत यंत्राची किंमत शून्यावर येते. तें यंत्र ‘रिटन ऑफ’ झालें. पण जिनिंगमध्यें जाऊन पाहिलें तर तेंच यंत्र खडखडत असतें आणि रुईपासून सरकी वेगळी करीत असतें. अपघातांत मोडलेल्या मोटारीची दुरुस्ती तिच्या किंमतीहून महाग पडेल असें विमा कंपनीस वाटलें, कीं इंग्रज लोक तिला ‘राइट-ऑफ’ म्हणतात. मोटार तेथेंच असते. विमा कंपनीच्या हिशेबांतून ती गेलेली असते. किंमत पूर्ण न काढतां कमी लिहिली तर त्यास ‘राइट डाउन’ म्हणावें. आणि ‘राइट ऑफ टू’ असें म्हटलें तर मात्र अर्थ अगदीं वेगळा; एखाद्या संस्थेकडे माहितीसाठीं पत्र पाठविणें, एवढाच त्याचा भाव.

वापराचे नियम थोडे आहेत. कर्म नाम असेल तर तें दोन्ही शब्दांच्या मागें किंवा मधें चालतें : ‘द बँक रोट ऑफ द लोन’ किंवा ‘द बँक रोट द लोन ऑफ’. कर्म सर्वनाम असेल तर तें मधेंच हवें : ‘रोट इट ऑफ’, ‘रोट ऑफ इट’ हें अशुद्ध. क्रियापद म्हणून उच्चारतांना जोर ‘ऑफ’वर पडतो, आणि नाम म्हणून उच्चारतांना तो ‘राइट’वर येतो. कर्मणि प्रयोगांत ‘द लोन वॉज रिटन ऑफ’ असें म्हटलें कीं कर्ता लपतो, आणि अर्धा घोटाळा तेथेंच होतो. म्हणून असें वाक्य मराठींत आणतांना कर्ता परत आणावा. ‘कर्ज राइट ऑफ झालें’ असें न म्हणतां ‘बँकेनें कर्ज बुडीत खात्यांत टाकलें’ असें म्हटलें, तर ऐकणाराची फसगत होत नाहीं.

या क्रियापदाचा शेवटचा अर्थ माणसांना लागतो. एखाद्याकडून आतां कांहीं होणार नाहीं असें ठरवून टाकणें, यालाहि इंग्रजींत ‘राइट ऑफ’ म्हणतात. नापास झालेला विद्यार्थी, पडलेला पुढारी, धांवा न काढणारा खेळाडू यांच्याविषयीं ‘डोन्ट राइट हिम ऑफ’ असें वाक्य नेहमीं कानीं येतें. मराठींत त्यासाठीं ‘मोडींत काढणें’ किंवा ‘निकालांत काढणें’ हे वाक्प्रचार आहेत. भांड्याला मोडींत काढावें तसें माणसाला काढणें, हें त्यांतलें कठोर चित्र. पण येथेंहि लेखणी आणि वही लिहिणाऱ्याचीच असते. त्यानें आपल्या हिशेबांत एक नांव खोडलें. ज्याचें नांव खोडलें तो माणूस दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठतोच.

यवतमाळ जिल्ह्याच्या वांट्याला हा अर्थहि आला आहे. गेलीं पंचवीस वर्षें बाहेरच्या वर्तमानपत्रांत या जिल्ह्याचें नांव बहुधा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमींतच येत आलें. बातमी खोटी नव्हती. दुःख तर मुळींच खोटें नव्हतें. परंतु एकाच बातमींत एखाद्या मुलखाचें नांव वारंवार छापलें गेलें कीं वाचणाऱ्याच्या मनांतील वहींत तो मुलूख बुडीत खात्यांत जमा होतो. जानेवारी २०१९ मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९२ वें अधिवेशन यवतमाळ येथें भरलें. अध्यक्षस्थानीं डॉ. अरुणा ढेरे होत्या. त्या संमेलनाचें उद्घाटन झालें तें याच जिल्ह्यांतील, पतीच्या आत्महत्येनंतर संसार एकटीनें सांभाळणाऱ्या एका शेतकरी स्त्रीच्या हस्ते. महाराष्ट्रांतील साहित्यिकांसमोर उभी राहून ती बोलली आणि सभेनें तें ऐकलें. बाहेरच्या पुष्कळ वह्यांत तिच्यासारख्यांचें नांव केवळ एका आंकड्यांत जमा झालें होतें. त्या दिवशीं आंकड्याला वाचा फुटली.

आतां त्या चहाच्या वेळेकडे परत जावें. नातवानें आपली चूक सुधारली, तर तो आजोबांना काय सांगेल ? बँकेनें मोठ्या लोकांचीं कर्जें माफ केलीं असें नव्हे. तीं आतां सहजीं येणार नाहींत, असें आपल्या वहींत लिहून ठेवलें. त्यांचीं देणीं उभीं आहेत आणि आपलेंहि उभें आहे. आपली नोटीस येते ती आपल्या सातबाऱ्यावर बोजा आहे म्हणून. आजोबा यावर बहुधा असेंच म्हणतील कीं, मग त्यांच्या दारींहि आपल्यासारखीच नोटीस जाते का तें पाहा. तो प्रश्न व्याकरणाच्या कक्षेंतला नाहीं, आणि त्याचें उत्तर मागण्याचा आजोबांना पूर्ण अधिकार आहे. पण शब्दाचा अर्थ नीट लागला म्हणूनच तो प्रश्न विचारतां आला. तोंवर घरांतील कोणीतरी उठून आपल्या जमिनीचा ताजा उतारा काढून आणावा, हें बरें.